हंस, कादंब आणि धोबी : शेतांत उतरणाऱ्या पाहुण्यांची ओळख

धानाची कापणी आटोपून बांध्या मोकळ्या झाल्या आणि उतेऱ्याच्या लाखोळीनें चार पानें धरलीं, म्हणजे आपल्या गोंदिया जिल्ह्यांतील तलावांवर उत्तरेकडील पाखरें उतरूं लागतात. तीं कोण, कोठलीं, व एकासारखें दिसणारें दुसरें पाखरूं वेगळें कसें ओळखावें, हा विषय पुष्कळांस निव्वळ हौसेचा वाटतो. ज्याची लाखोळी तलावाच्या पाळीलगत आहे, त्यास मात्र तो हौसेचा राहत नाहीं. म्हणून ह्या मासिकाच्या वाचकांपुढें तो जरा विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखकाचीं उमेदीचीं वर्षें महसूल खात्याच्या कारकुनींत गेलीं. पीकपाहणी, पैसेवारी व नुकसानीचे पंचनामे यांचे कागद हातांखालून शेकड्यांनीं गेले. रानडुकरांनीं केलेली नासाडी, रोह्यांनीं चरलेला हरभरा, यांचें वर्णन त्यांत नीट असे. पण पाखरांचा प्रश्न आला कीं ‘बदकांनीं पीक खाल्लें’ एवढ्या शब्दांवर काम भागे. बदक म्हणजे कोणतें, हें कोणी विचारीत नसे व कोणी सांगत नसे. वास्तविक ज्या पाखरावर आरोप ठेवावयाचा, तें त्या महिन्यांत जिल्ह्यांत हजर तरी होतें कीं नाहीं, एवढें पाहावयास नको काय?

भाद्रपद-आश्विनांत धान लोंबीवर आलें असतां त्यांत उतरणारीं पाखरें बहुधा येथलींच, बारमाही राहणारीं असतात. शीळ घालीत रात्रीं उडणारी तांबूस रंगाची अडई, नराच्या चोचीवर मांसल उंचवटा असलेला नकटा आणि जांभळी पाणकोंबडी, यांचा त्यांत मुख्य हात. हिमालयापलीकडून येणारे हंस व कादंब त्या वेळीं अद्याप वाटेवरच असतात. ते आपल्याकडे नोव्हेंबर अर्धा सरल्यावर दिसूं लागतात आणि मार्च महिन्यांत परततात. तोंवर हलक्या धानाचीं खळींदेखील उरकलेलीं असतात. म्हणून उभ्या खरीप धानाच्या नुकसानीचा दोष त्यांच्या माथीं मारणें न्यायाला धरून नाहीं. लाखोळी, गहूं, हरभरा आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे यांच्याबाबत मात्र त्यांची चौकशी अवश्य व्हावी.

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण तलावांची देणगी दोहोंकडे सारखीच आहे. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी ह्यानें अठराव्या शतकाच्या प्रारंभीं घातला असें सांगतात. कोहळी लोकांनीं व मालगुजारांनीं बांधलेले असे तलाव गांवोगांव आहेत. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ एवढें नांव मागें उरलें. हे तलाव उथळ, कांठ गवताळ, आणि लगत रब्बीची हिरवळ. नवेगावबांध, परसवाडा, झिलमिली यांसारख्या तलावांवर हंसांचे थवे उतरतात याचें कारण हेंच होय. खोल व खडकाळ कांठाच्या धरणावर त्यांचें पोट भरत नाहीं.

ह्या मोठ्या पाखरांत दोनच जाती मुख्यतः लक्षांत ठेवावयाच्या आहेत : एक पट्टकादंब व दुसरा कलहंस. दुरून दोन्ही करडे दिसतात, आणि कित्येक वेळां एकाच थव्यांत चरतात. गोंधळ होतो तो येथेंच. पट्टकादंबाचें डोकें पांढरें असून त्याच्या मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे असतात. वरचा पट्टा एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत डोक्यामागून फिरतो. खालचा आंखूड असतो. मानेच्या दोन्ही बाजूंनीं पांढरी पट्टी खालीं उतरते. चोच व पाय पिवळे-नारिंगी, चोचीचें टोंक काळें, अंग फिकट राखी. कलहंसाच्या डोक्यावर असें कांहींच चिन्ह नाहीं. डोकें, मान व पाठ एकाच मातकट करड्या रंगाची, चोच गुलाबी आणि पायहि गुलाबी. तो अंगानें अधिक थोराड व मानेनें जाड असतो. उडतांना त्याच्या पंखाचा पुढचा भाग चंदेरी राखी चमकतो व बाकीच्या गडद अंगावर तो उठून दिसतो. पट्टकादंब उडतांना सर्वच फिकट दिसतो, पंखांची मागची कडा तेवढी काळी. अंधार पडल्यावर आवाजावरून ओळखावयाचें झाल्यास, पाळीव हंसासारखा कर्कश कलकलाट तो कलहंसाचा. पट्टकादंबाचा स्वर त्यापेक्षां ठाय व नाकांतून निघाल्यासारखा असतो. युरोपांतील पाळीव हंस मुळांत कलहंसापासूनच निपजले आहेत, तेव्हां आवाजाचें हें साम्य स्वाभाविक आहे. आपल्याकडे कोठें कोठें वाड्यांतून पाळतात तो कपाळावर गांठ असलेला हंस मात्र त्या वंशाचा नव्हे. त्याचा मूळपुरुष पूर्व आशियांतील निराळा रानहंस आहे.

पहिल्या हिवाळ्यांतील पट्टकादंबाच्या पिलांना डोक्यावरचे पट्टे नसतात. त्यांच्या डोक्याचा मागचा भाग व मानेची मागची बाजू काळपट-करडी असते. असें पिलूं थव्यापासून दूर दिसलें कीं पाहणारा त्यास कलहंस ठरवून मोकळा होतो. अशा वेळीं चोच पाहावी : पिवळसर असेल तर पट्टकादंब, गुलाबी असेल तर कलहंस. येथें उपजातीचा एक मुद्दा येतो, आणि तो केवळ पंडिती नाहीं. कलहंसाच्या दोन उपजाती मानतात. युरोपच्या पश्चिमेकडील पाखराची चोच नारिंगी. पूर्वेकडील पाखराची चोच गुलाबी व अंग अधिक फिकट. आपल्याकडे येतें तें पूर्वेकडील. त्याचें शास्त्रीय उपनांव ‘रुब्रिरोस्ट्रिस’, म्हणजे तांबड्या चोचीचा. विलायती पुस्तकांतील चित्र पश्चिमेकडील पाखरावरून काढलेलें असल्यास त्यांत चोच नारिंगी दाखविलेली असते. तें चित्र पुढें ठेवून परसवाड्याच्या कांठीं बसणारा मनुष्य नारिंगी चोचीचें, बिनपट्ट्याचें पिलूं पाहील आणि बेधडक कलहंस म्हणून लिहील. पुस्तक खोटें नाहीं. तें दुसऱ्या मुलखाचें आहे.

तिसरा एक श्वेतभाल हंस आहे. त्याच्या चोचीच्या मुळाशीं कपाळावर पांढरा ठसठशीत पट्टा, पोटावर काळे आडवे डाग आणि पाय नारिंगी. तो भारतांत क्वचितच येतो, म्हणून त्याची नोंद करण्याची घाई करूं नये. कित्येक कलहंसांच्या चोचीच्या मुळाशींहि पांढरी बारीक कड असते. तेवढ्यावरून त्यास श्वेतभाल ठरविणें बरोबर नाहीं. पोटावरचे डाग व पायांचा रंग हीं दोन्हीं पाहावीं.

पट्टकादंबाच्या प्रवासाविषयीं दोन शब्द लिहिल्याविना राहवत नाहीं. मंगोलिया, तिबेट आणि आपल्याच देशांतील लडाखचे त्सो-मोरिरी व त्सो-कार हे त्यांचे विणीचे प्रदेश. हिवाळ्यापूर्वीं हिमालय ओलांडून तो दक्षिणेस येतो. उपग्रहाशीं जोडलेलीं लहान यंत्रें अंगावर बसवून शास्त्रज्ञांनीं त्याची वाट मोजली. त्यांत ७,२९० मीटर उंचीपर्यंतचें उड्डाण नोंदलें गेलें. परंतु बहुतेक प्रवास तो त्याहून पुष्कळ खालून, दऱ्यांच्या आधारानें करतो, असेंहि आढळलें. त्याच्या रक्तांतील रंजकद्रव्य विरळ हवेंतूनहि प्राणवायु अधिक चांगला ओढून घेतें. हंस दूध आणि पाणी वेगळें करतो, ही कवींची गोष्ट आपण ऐकत आलों. आपल्या बांधींत तो वेगळा करतो तो लाखोळीचा कोंवळा शेंडा!

आतां पंचनाम्याकडे वळूं. हंस बहुधा तिन्हीसांजेनंतर व रात्रीं चरतात. दिवसां तलावाच्या मध्यभागीं किंवा उघड्या कांठावर विसावतात. म्हणून चोर डोळ्यांना दिसत नाहीं, खुणा तेवढ्या दिसतात. हंसानें चरलेल्या रोपाचा शेंडा वरून ओरबाडल्यासारखा तुटलेला असतो, पण मूळ जागचें हललेलें नसतें. ओल्या मातींत तीन बोटांचा, पडदा असलेला पाय उमटतो. लेंडी बोटाएवढी लांबट, हिरवट, गवताच्या काड्यांनीं भरलेली व एका टोंकास पांढरी असते. रोही चरला असेल तर त्याच्या लेंड्यांचा एके ठिकाणीं ढीग सांपडतो, आणि रोपें वरच्या अंगानें खुडलेलीं दिसतात. रानडुकरानें तर जमीनच उकरलेली असते; तेथें विचार करण्याचें कारण नाहीं. ह्या चार गोष्टी पाहून मग लिहिलें, तर कागदास कांहीं अर्थ येतो.

नुकसान किती, हाहि प्रश्न आहे. लाखोळीचे कोंवळे शेंडे आपल्या बायका भाजीसाठीं खुडून आणतातच, आणि खुडलेलें रोप पुन्हां फुटतें, हें कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको. जमिनींत ओल असतांना हंसानें शेंडा नेला तर तेंच घडतें. ओल हटल्यावर एकाच बांधींत रोज थवा बसला, तर मात्र तें पीक हातचें गेलें. तेव्हां राखण करावयाची ती ह्याच दिवसांत, दिवेलागणीपासून दोन प्रहर रात्रीपर्यंत. कंदील, डबा आणि एक माणूस पुरे होतो. हंस दूरवर दृष्टि पोंचेल अशाच उघड्या जागीं उतरतात. बांधावर तूर उभी असलेल्या लहान बांधींत उतरण्यास ते कचरतात, हें पेरणीच्या वेळीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

कांहीं लोक ह्यावर धान्यांत विष कालवून पसरण्याचा उपाय करतात. ह्यासारखा अविचार दुसरा नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानटी हंस मारणें गुन्हा आहे, हें एक. दुसरें त्याहून गंभीर आहे. विषाचे दाणे पट्टकादंबासाठीं टाकले, तरी ते वेंचावयास प्रथम येतो तो बांधींतच राहणारा सारस. महाराष्ट्रांत सारस आज मुख्यतः आपल्याच जिल्ह्यांत व त्याच्या आसपास थोडे उरले आहेत. २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांच्या स्थितीची आपण होऊन दखल घेतली. ज्या जोडप्यास आपल्या वडीलधाऱ्यांनीं धानांत घरटें घालूं दिलें, तें एका रात्रींत दोन मुठी दाण्यांनीं नाहींसें व्हावें, आणि हंस तर सकाळीं पाण्यावर जसेच्या तसे असावेत! दाणे टाकणाऱ्यास हंस गवत चरतो कीं दाणा वेंचतो, एवढीहि ओळख नसते. तो दोन्ही खातो, पण लाखोळीच्या बांधींत तो पाल्यासाठीं आलेला असतो.

कोंबड्या व बदकें पाळणाऱ्यांसाठीं एक गोष्ट येथें सांगून ठेवतों. २००५ सालीं चीनमधील चिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूनें हजारों पाखरें मेलीं, त्यांत पट्टकादंब पुष्कळ होते. आपल्या राज्यांत २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें तो रोग कोंबड्यांत आढळला. म्हणून हिवाळ्यांत पाळीव पाखरें तलावावर सोडूं नयेत, आणि मेलेलें रानपाखरूं हातांत न धरतां पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें.

हंसांविषयीं इतकें पुरे. धोब्याची गोष्ट निराळी. तो कोणाचें कांहीं खात नाहीं, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहतहि नाहीं. नांगरामागें, गुरांच्या पायांत, तलावाच्या ओल्या कांठावर तुरतुर धांवणारें व शेपूट सारखें खालीं-वर आपटणारें हें चिमुकलें पाखरूं सर्वांच्या ओळखीचें आहे. कपडे आपटण्याच्या त्या चालीवरूनच त्यास धोबी किंवा परीट म्हणतात. माश्या, लहान भुंगेरे, अळ्या हें त्याचें अन्न. धानावरील तुडतुडे धोब्यामुळें आटोक्यांत येतील असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल; परंतु नांगरटीच्या वेळीं उघडे पडलेले किडे तो दिवसभर टिपीत असतो, आणि त्याबद्दल मजुरी मागत नाहीं.

सगळे धोबी मात्र पाहुणे नव्हेत. मोठा कवड्या धोबी येथलाच, बारमाही राहणारा. त्याचें डोकें, पाठ व छाती काळीकुळकुळीत, आणि डोळ्यावर पांढरी ठळक भुंवई. कपाळ काळेंच असतें. हिवाळ्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरपासून येतो तो पांढरा धोबी. तो अंगानें लहान, आणि त्याचें कपाळ पांढरें. कपाळ काळें कीं पांढरें, एवढें पाहिलें कीं हे दोन पुन्हां कधीं मिसळणार नाहींत.

पांढऱ्या धोब्याच्या उपजाती अनेक आहेत व खरी कसोटी तेथें लागते. पाठ करडी, गाल पांढरे आणि गळ्याखालीं काळी कोयरी किंवा चंद्रकोर असेल, तर तो आपला नेहमींचा. पाठ करडीच, पण गाल, मानेच्या बाजू व गळा काळे होऊन डोळ्यांभोंवतीं व कपाळावर पांढरा मुखवटा उरला असेल, तर ती ‘पर्सोनाटा’, म्हणजे मुखवट्याची उपजात. ती मध्य आशियांतून येते. मुखवटा तसाच पण पाठ काळी, ती हिमालयांतील ‘अल्बॉयडीस’. चेहरा व गळा पांढरा, छातीवर काळा डाग आणि पाठ काळी, ती पूर्व आशियांतील ‘ल्युकॉप्सिस’. ह्या शेवटच्या दोन ईशान्येकडे अधिक दिसतात. पाठ करडी आणि डोळ्यांतून काळी बारीक रेघ गेलेली असेल, तर ती ‘ऑक्युलॅरिस’. ती अतिपूर्वेकडील असून आपल्याकडे दिसल्यास चार जणांना दाखवून ठेवावी. क्रम असा धरावा कीं प्रथम पाठ, मग गाल, मग डोळा. गळ्यावर मुळींच विसंबूं नये. कारण हिवाळ्यांत सर्वांच्याच गळ्यावरचें काळें कमी होतें, आणि पिलांचे गाल तर पिवळसरहि असतात.

ह्यांतील पहिल्या उपजातीचें नांव ‘दुखुनेन्सिस’ असें पडलें, तें आपल्या दख्खनवरून. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स ह्यानें १८३२ सालीं तें दिलें. पिकें, जमीन, वस्ती यांच्या याद्या करीत हिंडणाऱ्या ह्या गृहस्थानें त्याच दौऱ्यांत पाखरांचीहि यादी केली, हें वाचून प्रस्तुत लेखकास, कारकून म्हणून, मोठा संतोष झाला. पिवळ्या धोब्याच्या एका उपजातीस त्यानें ‘बीमा’ नांव दिलें, तें भीमा नदीवरून. आज पुष्कळ शास्त्रज्ञ ‘दुखुनेन्सिस’ ही वेगळी उपजात न मानतां युरोपांतील ‘आल्बा’ हिच्यांतच धरतात. रंगावरून पाडलेल्या वांटण्या रक्तपरीक्षेशीं नेहमीं जुळत नाहींत, असेंहि अलीकडे दिसून आलें आहे. तरीहि पाखरूं कोणत्या मुलखांतून आलें याचा अंदाज रंगावरूनच होतो, म्हणून नोंद करणाऱ्यानें रंग लिहून ठेवावा. नांव पुढें कोणी बदललें तरी नोंद वायां जात नाहीं.

पिवळ्या धोब्यांत सर्वांत अधिक घोंटाळा आहे. त्यांतून प्रथम करडा धोबी बाजूस काढावा. त्याची पाठ करडी, शेपूट सर्वांत लांब, शेपटाखालचा भाग पिवळा, आणि पाय फिकट मांसल रंगाचे. इतर धोब्यांचे पाय काळे असतात. तो ओढ्याच्या दगडांवर एकटा आढळतो. खऱ्या पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट. त्याच्या नरांत ‘बीमा’चें डोकें फिकट राखी असून डोळ्यावर पांढरी भुंवई असते, ‘थुनबर्गी’चें डोकें गडद करडें, गाल काळपट व भुंवई नाहीं, आणि ‘फेल्डेग’चें सबंध डोकें काळें. पिवळ्या डोक्याचा धोबी ही निराळीच जात होय. त्याच्या पंखावर दोन रुंद पांढऱ्या पट्ट्या असतात. हिवाळ्यांतील मळकट पिलांतहि त्या दिसतात, आणि गालाच्या भोंवतीं फिकट कडें पूर्ण फिरलेलें असतें. पिवळ्या धोब्याच्या पिलांत तें तसें नसतें.

नवेगावबांधला वनाधिकारी राहिलेले मारुती चितमपल्ली (ते २०२५ सालीं निवर्तले) यांनीं पाखरांचीं गांवठी नांवें गोळा करून पक्षिकोश रचला. तसें काम प्रत्येक गांवांत थोडें तरी व्हावें. १९८७ पासून दर जानेवारींत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. तींत हंसांची संख्या जातवार लिहावी लागते. ज्याच्या शेतावरून थवा रोज जातो, त्याच्याइतकी पक्की माहिती बाहेरून एक दिवसासाठीं आलेल्या माणसापाशीं कोठून असणार? वही, आठपट मोठें दाखविणारी दुर्बीण, आणि जमल्यास मोबाईलवर काढलेलें छायाचित्र, एवढें साहित्य पुरें. तारीख, तलावाचें नांव, संख्या, चोचीचा व पायांचा रंग लिहावा. शंका असेल तेथें ‘हंस, जात अनिश्चित’ असें लिहिण्यांत कमीपणा नाहीं. महसुली कागदांतहि ‘मालक अनिश्चित’ असा शेरा असतोच.

धोब्यांसाठीं उत्तम काळ मार्चचा दुसरा पंधरवडा व एप्रिलचा आरंभ. हंस तोंवर निघून गेलेले असतात, पण धोबी अद्याप कांठावर असतात, आणि परतण्यापूर्वीं नरांना विणीचा रंग चढूं लागतो. हिवाळाभर जे सारखे मळकट दिसले, ते आतां एकेक वेगळे होतात. सकाळीं आठच्या आंत, सूर्य पाठीशीं ठेवून, पाणी हटलेल्या ओल्या पट्टीशीं बसावें. पिवळें डोकें दिसलें कीं लगेच पाठ पाहावी : करडी असेल तर ‘सिट्रिओला’, काळी असेल तर ‘कॅल्काराटा’.